सरळ रेघ आणि आमची वाट: हिंगणघाट तालुक्यातून ऑकलंडला

जायच्या आधी

नागपूर ते ऑकलंड हे अंतर सरळ रेघेत मोजलं तर सुमारे ११,८९० किलोमीटर भरतं. आम्ही उडालो मात्र १३,००० च्या वर. मधले अकराशे किलोमीटर कुठून आले हे मला तिकीट हातात आलं त्या दिवशीच कळलं होतं. आमच्या ह्यांना ते पटायला मुंबईच्या विमानतळावर अर्धी रात्र काढावी लागली.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. कपाशी, तूर, थोडं सोयाबीन, गवळाऊ बैलांची एक जोडी आणि दारापुरती एक गाय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. मुलगा न्यूझीलंडच्या वायकाटो भागात एका डेअरी फार्मवर कामाला लागला, त्याचं बोलावणं सारखं सुरू होतं. उन्हाळवाही आटोपली की निघायचं आणि मृगाच्या आत परत यायचं, या अटीवर हे तयार झाले.

वेळेचा प्रश्न निघाला तेव्हा तिघांनी तीन उत्तरं दिली. मोबाईलवर सोळा-सतरा तास दिसत होते. तिकीट काढणाऱ्यानं चोवीसच्या वरचा आकडा सांगितला. मुलगा म्हणाला, "आई, घरातून निघून माझ्या घरात पाय ठेवेपर्यंत दीड दिवस धर." तिघंही खरं बोलत होते. एकानं विमान हवेत किती वेळ राहणार ते सांगितलं, दुसऱ्यानं विमानतळापासून विमानतळापर्यंतचं आणि तिसऱ्यानं उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचं. कोणी प्रवासाची वेळ सांगितली की आधी विचारावं, कुठून कुठपर्यंतची? निम्मा घोळ तिथेच मिटतो.

अंतराचं तसं नाही, ते मोजता येतं. शाळेतला जुना पृथ्वीगोल मी मागून आणला. आफ्रिकेला पोचा आलाय, खालचा स्टँड डुगडुगतो, पण काम भागलं. शिलाईच्या दोऱ्याचं एक टोक नागपूरवर धरलं, दुसरं ऑकलंडवर, आणि दोरा ताणला. ताणलेला दोरा गोलावर आपोआप सगळ्यात जवळची वाट धरतो. पुस्तकात ज्याला बृहत्वृत्त म्हणतात, त्याचाच तो तुकडा. दोरा आंध्रच्या किनाऱ्यावरून बंगालच्या उपसागरात उतरला, मलेशियावरून गेला आणि सिंगापूरला जवळपास घासून पुढे ऑस्ट्रेलियावर तिरका चढला. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती अशी पडत नाही. नकाशा म्हणजे संत्र्याची साल टेबलावर दाबून सपाट केलेली. कुठे ताणली जाते, कुठे फाटते, आणि त्यावर मारलेली सरळ रेघ गोलावर सरळ राहत नाही.

मग आकडे काढले. नागपूर ते सिंगापूर सुमारे ३,४८० किलोमीटर, सिंगापूर ते ऑकलंड सुमारे ८,४१०. बेरीज तीच, ११,८९०. म्हणजे सिंगापूरला थांबून गेलं तरी वाट दोन-चार किलोमीटरनीच वाढते. इतका सोयीचा थांबा निसर्गानं आमच्याच वाटेवर आणून ठेवलाय, फक्त नागपूरहून सिंगापूरला विमान नाही.

"मंग काहून नाई?" ह्यांनी विचारलं.

"तिकडे जाणारे तुमच्यासारखे दोघंच असतात म्हणून."

नागपूरहून परदेशी थेट जायचं तर दोहा नाहीतर शारजा, म्हणजे दोन्ही पश्चिमेला. मुलानं दोह्याची वाट सुचवली होती. बदली एकच. पण नागपूर ते दोहा सुमारे २,८४० आणि दोहा ते ऑकलंड १४,५३५ किलोमीटर, मिळून १७,००० च्या पुढे. दोहा-ऑकलंड हा टप्पा २०१७ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तेव्हा जगातल्या सगळ्यात लांब विमानप्रवासांत गणला गेला होता. सोळा-सतरा तास एकाच खुर्चीत. ह्यांचे गुडघे आणि सतरा तासांची खुर्ची यांचं जमणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आधी मुंबईला मागे जायचं (सुमारे ६८० किलोमीटर), मग मुंबईहून सिंगापूर (३,९२०) आणि तिथून ऑकलंड (८,४१०), असा द्राविडी प्राणायाम ठरला. एकूण १३,०१०.

हे सगळं मोजमाप हिंगणघाट तालुक्यात बसून करताना एका माणसाची आठवण न येणं अवघड आहे. विल्यम लॅम्बटननं १८०२ साली मद्रासजवळ साखळी टाकून हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली. त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाचा होता, तो वाहायला माणसांच्या तुकड्या लागत. ७८ रेखांशाच्या आसपास दक्षिणेकडून उत्तरेकडे त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत तो वीस वर्षं चालला. एक अंश अक्षांश म्हणजे जमिनीवर नेमके किती अंतर, आणि ते सगळीकडे सारखं आहे का, हे त्याला शोधायचं होतं. नागपूरकडे मुक्काम हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर हिंगणघाटातच आहे. पुढे त्याच्या हाताखालच्या एव्हरेस्टचं नाव शिखराला मिळालं. लॅम्बटनला मिळाली हिंगणघाटची माती. विमानातल्या पडद्यावर जो किलोमीटरचा आकडा झरझर पळतो ना, त्याच्या मुळाशी असल्याच लोकांची पायपीट आहे. मी दर वर्षी सातवीच्या पोरांना हे सांगायची आणि दर वर्षी कोणीतरी विचारायचं, "मॅडम, त्याले इतं यायले कोनं सांगतलं होतं?"

रविवार

सकाळी अकराला घर सोडलं. ऊन चव्वेचाळीसच्या घरात. हे निघायच्या दहा मिनिटं आधीपर्यंत गोठ्यात, बैलांना पाणी दाखवून, शेजारच्या पोराला कडब्याचं समजावून सांगत होते. पायात तेच बूट. "बदला," म्हटलं तर म्हणे, "विमानात कोन पायाकडे पाह्यते?" या बुटांचं पुढे ऑकलंडला काय झालं ते येईलच.

बॅगा आदल्या रात्री मी दोनदा उघडल्या होत्या. ह्यांनी मुलासाठी तुरीचं आणि अंबाडीचं बी पुडीत बांधून शर्टाच्या घडीत घातलं होतं, ते काढलं. जवसाची भाजून कुटलेली चटणी, सरगुंडे आणि पापड ठेवले, त्यांची यादी कागदावर लिहिली.

जाम चौरस्ता, बुटीबोरी, मग वर्धा रोड. आमच्याकडून येणाऱ्याला नागपूरचा विमानतळ शहराच्या अलीकडेच लागतो, ही एक बरी गोष्ट. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरला पावणेदोन तास लागले, मध्ये रसवंतीवर थांबलो ते धरून. एवढ्याच वेळात मोठं विमान सोळाशे किलोमीटर जातं.

सोनेगावच्या त्या विमानतळाबद्दल माझ्या मनात एक जुनी गोडी आहे, कारण माझे वडील टपाल खात्यात होते. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही ठिकाणांहून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमाराला नागपुरात एकत्र यायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत विमानं आपापल्या गावी परत. देशाच्या मध्यावर असण्याचा तो खरा उपयोग होता. आता विमानांना मध्ये टेकायची गरज राहिली नाही. दिल्ली-चेन्नई, मुंबई-कोलकाता ही विमानं आमच्या वावरावरून पांढरी रेघ ओढत निघून जातात आणि आम्हाला जोडणी घ्यायला मुंबईला जावं लागतं. पत्रं नागपुरात येऊन जोडली जायची, माणसं जोडली जात नाहीत.

नागपूर-मुंबई विमान दीड तासाचं सांगतात. सहाशे ऐंशी किलोमीटरला दीड तास म्हणजे ताशी साडेचारशे, हे काही विमानाला शोभत नाही. पण त्यातली दहा-पंधरा मिनिटं जमिनीवर रांगण्यात जातात, वीस-पंचवीस चढण्यात, तेवढीच उतरण्यात. खऱ्या वेगानं पळायला अर्धा तास मिळतो न मिळतो. शिवाय मुंबईवर उतरणाऱ्यांची गर्दी; आमचं विमान कल्याणच्या बाजूला दोन गिरक्या घेऊन मग उतरलं. म्हणून जवळचा विमानप्रवास किलोमीटरमागे वेळखाऊ असतो आणि लांबचा स्वस्तात पडतो, वेळेच्या हिशेबानं.

मुंबईला साडेपाचला पोचलो, पुढचं विमान मध्यरात्रीच्या जरासं आधी. बॅगांना नागपुरातच ऑकलंडची चिठ्ठी लागली होती, त्यामुळे ओझं नव्हतं. बसायचं फक्त. दशम्या आणि ठेचा खाऊन झाला, चहाची किंमत बघून हे उठून परत आले. दहाच्या सुमारास म्हणाले, "सकाळचे निंघालो, आन् आता घरापासून उलटे पश्चिमेले सातशे किलोमीटर येऊन बसलो. जायचं पूर्वेले. तुह्या त्या दोऱ्याचं बरोबर होतं." एवढी कबुली चाळीस वर्षांच्या संसारात सहजासहजी मिळालेली नाही.

रविवारची रात्र आणि सोमवार

मुंबई-सिंगापूर सव्वापाच तास. रात्रीचं विमान, खाली काही दिसत नाही. पडद्यावरच्या नकाशात तेवढं कळतं. विमान दख्खनवरून तिरकं पूर्वेला निघालं तेव्हा डावीकडे वर 'नागपूर' असं नाव आलं. दुपारी जिथून निघालो त्याच्या खालून रात्री परत पूर्वेला चाललो होतो. हे झोपले होते, नाहीतर आणखी एकदा ऐकावं लागलं असतं.

सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. पावणेआठला उतरलो, सूर्य नुकताच वर आला होता. चांगीच्या विमानतळाबद्दल मुलानं बरंच सांगून ठेवलं होतं, इमारतीच्या आत चाळीस मीटरचा धबधबा वगैरे. पण तो इमिग्रेशनच्या बाहेर, आणि आमच्याकडे ना व्हिसा ना वेळ. दुसऱ्या गेटपर्यंत चालत जाण्यातच पाऊण तास गेला. गालिचा घातलेला विमानतळ ह्यांनी पहिल्यांदाच बघितला. बूट काढून हातात घ्यावेत का, असं त्यांनी खरोखर विचारलं.

सव्वानऊला तिसरं विमान सुटलं. हा या प्रवासातला सगळ्यात लांब टप्पा, पावणेदहा-दहा तासांचा, आणि तो दिवसा मिळाला हे आमचं नशीब. मला खिडकी मिळाली.

सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला दीडशे किलोमीटरवर. विमान नीट सरळही झालं नव्हतं तोवर पडद्यावरच्या अक्षांशापुढचं 'उत्तर' जाऊन 'दक्षिण' आलं. चाळीस-पन्नास वर्गांना विषुववृत्त शिकवलं असेल, आणि ते असं चढत्या विमानात, पट्टा बांधलेला असताना निघून गेलं. मी ह्यांना हलवून सांगितलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं, समुद्र होता. "इतं काई रेघ नाई," म्हणाले आणि परत डोळे मिटले.

पुढे जावा समुद्र, इंडोनेशियाची बेटं, एकदोन डोंगरांच्या तोंडाशी ढग अडकलेले. साडेतीन तासांनी ऑस्ट्रेलियाचा वायव्य किनारा लागला आणि त्यानंतर चार तास नुसता ऑस्ट्रेलिया. हे अंतर नकाशात कळत नाही. ३,४०० किलोमीटर, म्हणजे नागपूरहून सिंगापूरला जाण्याइतकं, आणि त्यातला बहुतेक भाग तांबडा, कोरडा, रस्ता दिसला तर तो अर्धा तास एकाच दिशेनं जाणारा. वाळलेल्या नद्यांच्या फांद्या दिसायच्या, पाणी कुठेच नाही. हे आता जागे झाले होते. तासभर न बोलता बघत राहिले आणि मग एकच विचारलं, "येवढ्या जमिनीत कोन राह्यते?"

पडद्यावर उंची ३९,००० फूट, म्हणजे बारा किलोमीटरच्या जरा खाली. बाहेर उणे पन्नासच्या आसपास, आणि घरी चव्वेचाळीस. वेग कधी ८९०, कधी ९५० च्या पुढे. विमानाचं इंजिन तेवढंच जोर लावत असतं. जमिनीच्या हिशेबानं वेग वाढतो तो मागून वारा मिळाला की. मध्यम अक्षांशांत वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, दक्षिण गोलार्धातही. ऑस्ट्रेलियाचा मध्य ओलांडल्यावर आकडा चढू लागला तो त्याच्यामुळे. हेच वारे येताना अंगावर येणार होते.

आणि मग दिवस संपला. सिंगापूरला सूर्योदय बघितला त्याला नऊ तासही झाले नव्हते, क्वीन्सलँडवर सूर्य मावळला. आपण पूर्वेला जातो तेव्हा सूर्याच्या उलट दिशेनं पळतो, म्हणून दिवस आखूड होतो. हे फळ्यावर काढून दाखवणं वेगळं आणि जेवणाचा ट्रे पुढ्यात असताना अंधार पडणं वेगळं. टास्मन समुद्र अंधारातच ओलांडला.

ऑकलंडला अकरा वाजून गेले होते, रात्रीचे. आपल्याकडे सोमवारचे दुपारचे साडेचार. मेमध्ये न्यूझीलंड आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असतं, त्यांच्या उन्हाळ्यात साडेसात.

आता बूट. न्यूझीलंडमध्ये उतरण्याआधी ऑनलाइन जाहीरनामा भरावा लागतो: खाण्याचे पदार्थ आहेत का, बी-बियाणं, लाकूड, मातीचे बूट, गेल्या महिन्याभरात गुरांच्या संपर्कात आलात का. जाहीर न करता काही निघालं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मी सगळ्याला 'हो' लिहिलं होतं. तिथल्या बाई शांतपणे यादी वाचत गेल्या. चटणीचा डबा उघडला, वास घेतला, भाजलेलं आहे ना विचारलं आणि बंद केला. मग बुटांवर आल्या. शेवटचे गुरांजवळ कधी गेला होता? मी ह्यांना विचारलं. "काल सकाळी. पाणी पाजलं न बैलाईले."

मी इंग्रजीत सांगितल्यावर बाईंची पेन थांबली. आपल्याकडे लाळ्या-खुरकुत आहेच, दर पावसाळ्यात कुठे ना कुठे उठतो, लसी टोचून घेतो आणि पुढे चालतो. न्यूझीलंडमध्ये तो रोग आजवर एकदाही आलेला नाही, आणि त्या देशाची निम्मी मिजास दुधा-मांसाच्या निर्यातीवर आहे. बूट काढून घेतले. बाजूच्या खोलीत नेऊन टाचेच्या खाचांतली काळी माती कोरून काढली, औषधाच्या पाण्यानं धुतले आणि पंधरा मिनिटांनी ओलेच परत आणून दिले. पैसे घेतले नाहीत. ह्यांनी ते उलटेपालटे करून बघितले. "दुकानात घेतले तवाबी येवढे साफ नवते," म्हणाले. बारा हजार किलोमीटरवर आमच्या वावरातली माती अडवणारं कोणी असेल, याचा त्यांना राग आला असावा असं मला वाटलं होतं, पण गाडीत बसल्यावर त्यांनी मुलाला सगळ्यात आधी कौतुकानं हेच सांगितलं.

विमानतळावरून फार्मपर्यंत दीड तास. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. रात्री दोनला घरात पाय ठेवला. घर सोडून बत्तीस तास होऊन गेले होते, त्यातले हवेत जेमतेम सतरा. बाकीचे पंधरा रांगेत, बाकावर, रस्त्यावर. अंतर कितीही जुळवून कमी केलं तरी या पंधराला हात लागत नाही.

मंगळवार ते शनिवार

ह्यांचा गावचा नेम पहाटे साडेचारला उठायचा. शरीराच्या घड्याळाचं साडेचार म्हणजे इथले सकाळचे अकरा. त्यामुळे उभ्या आयुष्यात कधी उन्हात न उठलेला माणूस अकरा वाजता डोळे चोळत बाहेर येऊ लागला आणि रात्री एक-दोनपर्यंत छताकडे बघू लागला. पूर्वेकडचा प्रवास असाच बाधतो, कारण झोप अलीकडे ओढावी लागते. लांबवणं सोपं, ओढणं कठीण. साधारण तासाला एक दिवस असा हिशेब सांगतात. आम्हाला रविवारपर्यंत लागलेच.

गाई चारशेच्या वर, बहुतेक काळ्या-पांढऱ्या, काही तपकिरी. गोठा नाही, दावण नाही, कडबा नाही. बाराही महिने बाहेर गवतात. पहाटे पाचला त्या आपापल्या चालत येतात, गोल फिरणाऱ्या चौथऱ्यावर एकेक करून चढतात, चौथरा एक फेरा मारेपर्यंत दूध काढून होतं आणि उलट पावली उतरतात. पण ह्यांना जवळ जाता येईना. परदेशातून, त्यातही गुरं असलेल्या घरातून आलेल्यांनी सुरुवातीचे काही दिवस जनावरांपासून लांब राहायचं, असं फार्मच्या मालकानं मुलाला आधीच सांगितलेलं. हे रोज दुपारी विजेच्या तारेच्या अलीकडे उभे राहून बघायचे. एका गाईचा मागचा पाय लचकलाय हे त्यांनी तिथूनच मुलाला दाखवलं. ते खरं निघालं.

दिशांचा गोंधळ मात्र माझाही झाला. इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. सकाळी पूर्वेला उगवतो, पण मग उजवीकडे सरकण्याऐवजी डावीकडे सरकतो. घरांची मोठी दारं-खिडक्या उत्तरेकडे, सौर पत्रेही उत्तरेकडे तोंड करून. ह्यांनी सवयीनं सूर्याकडे बघून दक्षिण ठरवली आणि पायी फिरायला निघून नेमके उलट्या बाजूच्या फाटकाशी पोचले.

२३ मे

हा दिवस मी कॅलेंडरवर खूण करून आणला होता. आमच्या गावाचा अक्षांश साडेवीसच्या आसपास. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य तिथे भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीखाली गुडूप होते. वर्गात दर वर्षी करायचे हा प्रयोग, पण सुट्ट्या लागलेल्या असायच्या म्हणून चार-सहाच पोरं यायची.

वायकाटोत सकाळचं धुकं दहापर्यंत हटत नाही. त्या दिवशी साडेअकराला हटलं. मी मीटरभर उंचीची काठी अंगणात ओळंब्यानं उभी केली (ओळंबा म्हणजे दोऱ्याला बांधलेला नट) आणि सव्वाबाराच्या आगेमागे दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करत गेले. सगळ्यात आखूड सावली १६२ सेंटिमीटर. मीटरच्या काठीला १६२ म्हणजे सूर्य डोक्यावरून ५८.३ अंश ढळलेला.

संध्याकाळी साडेसहा-पावणेसातला गावाहून शेजारच्या पोराचा व्हिडिओ कॉल. तिथे दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. त्यानं विहिरीच्या काठावर तांब्या ठेवला होता, तांब्याला सावली नव्हती. "काकू, नाई हाय जी सावली, कोठीच नाई!"

तिथे शून्य, इथे ५८.३. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. गुणाकार केला, ६,४७० किलोमीटर. आमचं अंगण आणि मुलाचं अंगण यांच्यातलं उत्तर-दक्षिण अंतर एवढं. बाकीचं अंतर पूर्व-पश्चिमेचं, ते सावलीनं निघत नाही, त्याला घड्याळ लागतं: दोन्ही ठिकाणची दुपार किती वेळानं होते ते बघायचं. आपल्याकडची दुपार इथल्यानंतर सुमारे साडेसहा तासांनी झाली, तासाला पंधरा अंश, म्हणजे जवळजवळ सत्त्याण्णव अंशांचा फरक. विमान नाही, मोबाईलवरचा नकाशा नाही. एक काठी, एक तांब्या, एक फोन. मुलगा कामावरून दमून आला होता, त्याला हे सगळं ऐकवलं. "आई, तू इथेही वर्ग भरवलास," एवढंच म्हणाला, पण खडूच्या खुणा पाऊस येईपर्यंत कोणी पुसल्या नाहीत.

या दिवसापर्यंत ह्यांना गाईंजवळ जायची परवानगी मिळून बरेच दिवस झाले होते. मला काठी धरायला माणूस हवा होता तेव्हा ते तिकडेच होते.

परतीला

रोहिण्या लागल्या आणि ह्यांचं चित्त उडालं. बियाण्याच्या भावाची रोज फोनवर चौकशी.

सिंगापूर-ऑकलंडला जाताना पावणेदहा तास लागले होते, येताना पावणेअकरा. विमान तसलंच, अंतर तेच. फक्त तो पश्चिमेकडून येणारा वारा आता समोरून. सिंगापूर-मुंबईलाही थोडी मिनिटं जास्त. उलट दिवस लांबला. दुपारी निघालो आणि सूर्य आमच्याबरोबर चालत राहिला, मावळेचना. मुंबईत रात्र काढून सकाळच्या विमानानं नागपूर, आणि वर्धा रोडला लागल्यावर काचेतून गरम वारा आत आला तेव्हा हे पहिल्यांदा सैल बसले.

आता पुढच्या खेपेचं. २०२५ च्या मार्चमध्ये एअर इंडिया आणि एअर न्यूझीलंड यांच्यात करार झाला आणि २०२८ अखेरपर्यंत भारतातून थेट विमान सुरू करता येईल का याची चाचपणी करायचं ठरलं. समजा दिल्लीहून सुरू झालं. दिल्ली-ऑकलंड सुमारे १२,५०० किलोमीटर. आम्हाला आधी नागपूरहून दिल्लीला जावं लागेल, साडेआठशे किलोमीटर, तेही उत्तरेला, म्हणजे पुन्हा जायचं त्याच्या उलट. बेरीज १३,३५०. मुंबई-सिंगापूरच्या वाटेपेक्षा साडेतीनशे किलोमीटर जास्तच. तरी वेळ कमी लागेल, कारण एक विमानतळ गळला की तीन-चार तास गळतात.

मी हे कागदावर मांडून ह्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी कागद उलटा करून मागच्या बाजूला सरकीच्या पाकिटांचा हिशेब केला. म्हणाले, "एका खुर्चीत किती घंटे बसा लागन ते सांग पह्यले." पंधरा-सोळा, म्हटलं. गुडघ्यावर हात फिरवत थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, सिंगापूरच ठेव.